दिवसाची लाईट

आमच्या गावात मला कोणी इंजिनीअर म्हणत नाही. तिथे मी लाईटवाली आहे. देशाला पुढच्या दहा वर्षांत किती वीज लागेल, ती कोळशातून किती काढायची, धरणातून किती, वाऱ्यातून आणि उन्हातून किती, याचा आराखडा करणाऱ्या दिल्लीतल्या एका पथकात मी काम करते. हे मी बाबांना अनेकदा नीट समजावून सांगितलं. त्यांनीही दर वेळी नीट ऐकून घेतलं आणि बाजाराच्या गावी, दुसरबीडच्या स्टँडवर कोणी विचारलं की सांगितलं, पोरगी लाईटवर हाय. झालं. तेव्हापासून सबस्टेशनचा फोन लागला नाही की लोक मला लावतात. इकडे देशाचा कोळसा पावसाळाभर पुरेल का यावर डोकी तापलेली असतात आणि तिकडून आवाज येतो, ताई, एक फेज गेला. आधी मी चिडायचे. आता विचारते, कोणत्या डीपीवरचा?

डीपी म्हणजे वावरातल्या खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. आमच्याकडे पत्ताही डीपीवरूनच सांगतात. अमक्याचं वावर कुठे, तर बाभळीच्या डीपीजवळ. डीपी जळाली की माणसं जमतात, नवी आली की नारळ फुटतो. मी या सगळ्यात वाढले आणि मला त्याची लाज कधीच वाटली नाही. पुण्यात शिकायला गेले तेव्हा वसतिगृहातल्या मुली माझ्या 'मले-तुले'ला हसायच्या. मी त्यांना गणित शिकवायचे आणि तेही 'मले-तुले'तच शिकवायचे. परीक्षा जवळ आली की हसणं आपोआप थांबायचं.

माझ्या कामाची मुळं मात्र वर्गात नाहीत, आमच्या वावरात आहेत. शेतीची लाईट आमच्याकडे वाटून मिळायची, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बाबा थंडीत हरभऱ्याला पाणी द्यायला जायचे. स्प्रिंकलरचे पाइप दर थोड्या वेळाने उचलून पुढे न्यावे लागतात, आणि ते काम मोटर करत नाही. सकाळी परत यायचे तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल आणि ओठ निळे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं ते टाळत राहिले, आणि एका हिवाळ्यात अंधारात पाइपला अडखळून मनगट मोडून घेतलं. मला फोनवर सांगितलं की न्हाणीत पाय घसरला. आईने दुसऱ्या दिवशी गुपचूप खरं सांगितलं, आणि मी दोघांवरही सारखीच चिडले.

म्हणून स्पष्टच सांगते. माझ्या बाबांनी रात्री वावरात जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. देशाचा विचार त्याच्या मागून आला, पण आला आणि मग पक्का बसला.

आमच्या धंद्यातली अडचण सोपी आहे. ऊन पडतं दुपारी आणि माणसाला लाईट हवी असते दिवेलागणीला. उन्हाची वीज स्वस्त, पण ती संध्याकाळपर्यंत सांभाळून ठेवायची कुठे? डोंगरावरच्या तलावात पाणी चढवून ठेवा, मोठाल्या बॅटऱ्या बसवा, नाहीतर रात्रीसाठी कोळशाचं आणखी एक केंद्र बांधा. तिन्ही रस्ते महागाचे. चौथा रस्ता असा की रात्री चालणारं काम दुपारी आणायचं. रेल्वेला तसं सांगता येत नाही, दवाखान्याला नाही, घरातल्या फ्रीजलाही नाही. शेतातली मोटर मात्र बोलावलं की आनंदाने दिवसा येईल, कारण तिच्या मागच्या माणसाला रात्री झोपायचंच असतं. देशभरच्या मोटरी उन्हाच्या वेळी आल्या तर रात्रीसाठीची काही केंद्रं बांधावीच लागणार नाहीत. आराखड्यातलं हे प्रकरण माझ्याकडे होतं. मी ते जीव ओतून लिहिलं.

साहेबांनी ते बैठकीत बाजूला ठेवलं. आमचे साहेब पूर्वेकडच्या राज्यातले, मृदू बोलणारे, आणि हिशेबाला अतिशय कडक. त्यांचं म्हणणं असं की केंद्र कधी उभं राहील हे आपण सांगू शकतो, पण लाखो शेतकरी कसे वागतील हे आपण दिल्लीतून कसं लिहायचं? ते दिवसा आले नाहीत तर रात्री वीज कमी पडेल आणि मग शिव्या आपल्याला. त्यांनी पेन्सिलीने त्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली.

"काऊन?" मी म्हणाले. 'का?' म्हणायचं होतं, तोंडून आमच्याकडचंच निघालं.

टेबलाभोवती मराठी कळणारं कोणी नव्हतं, पण अर्थ सगळ्यांना कळला. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. मग सावकाश म्हणाले की पुरावा आणा. वेगवेगळ्या राज्यांतले काही फीडर, म्हणजे फक्त शेतीला वीज नेणाऱ्या तारा, निवडायचे. तिथे सौर केंद्रातून दिवसा वीज द्यायची. रब्बीभर त्या तारा दिवसा नीट चालल्या तर परिच्छेद राहील. नाही चालल्या तर रात्रीचा पुरवठा आहे तसाच धरायचा आणि कोळशाचं केंद्र हिशेबात घ्यायचं. मी मान डोलावली. एकदा छापलेला आराखडा पुढे वर्षानुवर्षं वापरला जातो. तो परिच्छेद गेला असता तर बाबांच्या उरलेल्या आयुष्यात दिवसाची लाईट आली नसती.

राज्यांकडून फीडर ठरून आले, त्यात एक आमचाच निघाला. गावच्या गायरानावर सौर पाट्या नुकत्याच बसल्या होत्या, म्हणून त्याची निवड झाली होती. मी त्याच दिवशी साहेबांना सांगितलं की या तारेवर माझ्या बापाची मोटर आहे. ते म्हणाले, मग त्या फीडरच्या निकालात तुम्ही पडायचं नाही. तो माझ्या सहकारी मैत्रिणीकडे दिला. ती दक्षिणेतली, हुशार, आणि तिने आयुष्यात कधी हरभरा झाडावर पाहिला नव्हता. मला हे पटलं. आपलं खरं असेल तर ते दुसऱ्याच्या तराजूतही खरंच उतरलं पाहिजे.

रब्बी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात मैत्रिणीने मला तिच्या संगणकापाशी बोलावलं. सकाळी लाईट सोडली की आमच्या फीडरवर किती वीज ओढली जाते ते दाखवणारी रेघ भिंतीसारखी सरळ वर जात होती आणि त्याच क्षणी शून्यावर कोसळत होती. थोड्या वेळाने पुन्हा भिंत, पुन्हा शून्य. बाकीच्या राज्यांतही कुरबुरी होत्या, पण असं कुठेच नव्हतं. तिला वाटलं, ढग आले असतील. मग वाटलं, पाट्यांमध्ये बिघाड असेल. मी त्या रेघेकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. ती रेघ मी ओळखत होते. तो माझा अख्खा गाव एकाच वेळी मोटर चालू करत होता.

याचं कारण ऑटो. मोटरच्या पेटीत बसवायची ही एक छोटी डबी. लाईट आली की मोटर आपोआप चालू करते. रात्री-बेरात्री कधीही येणाऱ्या लाईटवर आमच्या लोकांनी काढलेला हा तोडगा, आणि त्या काळी तो शहाणपणाचाच होता, कारण निदान पेटीपाशी बसून राहावं लागत नसे. पण सगळ्यांच्या पेटीत ऑटो असला की लाईट येताच सगळ्या मोटरी एकदम उठतात. उठताना मोटर चालण्याच्या कितीतरी पट ओढ घेते. तारेला ती ओढ झेपत नाही म्हणून ती सबस्टेशनवर बंद पडते. पुन्हा सोडली की पुन्हा सगळ्या एकदम. रात्रीही हेच व्हायचं, पण तेव्हा लोक लाईटला शिव्या देऊन झोपून जायचे. आता भर दिवसा, दिल्लीच्या डोळ्यांसमोर हे चाललं होतं. जरा उशिरा चालू होणारे ऑटोही बाजारात मिळतात, पण ते आमच्याकडे कोणी घेत नाही. 'उशिरा' हा शब्द ऐकूनच गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, सोलरच्या लाईटले दमच नाही, साऱ्या गावाचं हेच म्हणणं हाय. माझा पारा चढला. मी म्हणाले की दम लाईटमध्ये आहे, अक्कल ऑटोमध्ये नाही, काढून टाका. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मी एकट्यानं काढला तं माही मोटर चालू होईन कवा? बाकीच्यायच्या चालतीन आन मी पाह्यत बसू?"

पहिल्याने काढणारा मागे राहणार, म्हणून कोणीच काढत नव्हतं. सगळ्यांनी थोडं थोडं थांबून मोटरी चालू केल्या तर कोणाचंही थेंबभर पाणी कमी होणार नव्हतं, पण हे फोनवरून सांगून उपयोग नव्हता. मी साहेबांकडे रजा मागितली आणि कारणही सांगून टाकलं. माझ्या तारेवर जाऊन काही जोडणार किंवा तोडणार नाही, फक्त माझ्या गावाशी बोलणार. ते म्हणाले, गावाशी बोलायला कोणाची परवानगी लागत नाही.

जालन्याला उतरले, देऊळगाव राजाला बस बदलली आणि दुपारपर्यंत घरी पोचले. गायरानावरच्या निळ्या पाट्या बसमधूनच दिसल्या. खालच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या. जिथे मी लहानपणी गोवऱ्या वेचल्या तिथे आता वीज पिकत होती, आणि आमचे लोक तिला दम नाही म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या डीपीखाली सगळ्यांना बोलावलं. या एका डीपीवर आमच्या शिवारातल्या दहाबारा जणांच्या मोटरी. मी लॅपटॉप घेऊन गेले. भिंतीसारखी रेघ दाखवली, ओढ म्हणजे काय ते सांगितलं, हातवारे करून मोटरी एकेक कशा उठवायच्या ते दाखवलं. मंडळींनी फार मनापासून ऐकलं. मी चांगली बोलते, याचं कौतुकही केलं. मग एक म्हातारे म्हणाले की बाई, तुह्यं सारं खरं, पण तू लाईटवर हायेस, तं एक मोठी डीपी आणून दे ना. बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात लाईट आली, दहाबारा ऑटो एकदम खटखटले, डीपी गुरगुरली आणि लाईट गेली. कोणीतरी म्हणालं, पाह्यलं? दम नाही.

मी लॅपटॉप बंद करून घरी आले आणि ओट्यावर बसून बडबडत राहिले. आई ज्वारी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली की साऱ्या देशाचं नियोजन करतेस म्हणे, अन् दहा मोटरी वळीत उभ्या करता येईनात. मी तिच्याकडे रागाने बघितलं. तिच्या तोंडावर हसू होतं, पण हात थांबले होते. हिवाळा अजून बराच शिल्लक आहे हे तिलाही माहीत होतं.

त्या दिवशी दुसरबीडचा बाजार होता. दुपारी मी बाबांसोबत विहिरीवर गेले. ही विहीर आमची आणि चुलतकाकांची सामाईक. बाबा आणि काका एका बांधावरून भांडले तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. लग्नाला जातात, मयतीला जातात, पण शब्द नाही. विहिरीवर दोघांच्या मोटरी शेजारी शेजारी आणि पाणी पाळीने. एक आठवडा आमचा, एक काकांचा. पाळी बदलते बाजाराच्या दिवशी, उन्हं कलायच्या आत. हे मी जन्मापासून बघत आले होते आणि म्हणूनच कधी नीट बघितलं नव्हतं.

त्या दिवशी आमची पाळी संपत होती. सकाळपासून लाईट तुटत-तुटत चाललेली, त्यामुळे हरभऱ्याचा एक पट्टा कोरडाच राहिला होता. आता कुठे लाईट टिकली होती. मी म्हणाले, बाबा, एवढा पट्टा होऊन जाऊ द्या. बाबांनी सूर्याकडे बघितलं, स्टार्टरचं लाल बटण दाबलं आणि म्हणाले, "पाळी झाली." लाईट चालू, विहिरीत पाणी, समोर आपला हरभरा सुकलेला, आणि ते पाइप गोळा करायला लागले. पलीकडून काका आले. आमच्याकडे न बघता त्यांनी आपल्या पेटीचं झाकण उघडलं. बाबा बाजूला सरकले. कोणी कोणाला काही सांगितलं नाही.

मी मात्र जागच्या जागी उभी राहिले. घरी जाताना बाबांना विचारलं, "विहिरीवर तुम्ही एकमेकायचं तोंड पाह्यत नाही, तरी पाळी मोडत नाही. डीपीवर सारे दोस्त, मंग तिथं पाळी काऊन नाही?"

बाबांना हा प्रश्नच पोरकट वाटला. "विहीर आपली हाय," ते म्हणाले. "लाईट सरकारची."

मी वाटेतच थांबले. लाईट सरकारची, म्हणून हाताला लागेल तशी ओढायची. विहीर आपली, म्हणून सुकलेला पट्टा सोडून बाजूला व्हायचं. वर्षानुवर्षं लाईट कुठून तरी लांबून आली, कोणाच्या तरी मर्जीने आली, तिला कोणी आपली का म्हणावं? आमच्या आराखड्यात कोळसा होता, ऊन होतं, पाणी होतं, पण वीज कोणाची वाटते याला एक ओळसुद्धा नव्हती.

"बाबा, आता लाईट गायरानातून येते," मी म्हणाले. "गायरान कोनाचं?"

बाबा पायाखालची वाट बघत चालत राहिले. पण मी माझ्या बापाला ओळखते. पटलं नसतं तर दहा पावलांत भांडले असते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा डीपीखाली माणसं जमली. या वेळी लॅपटॉप घरी ठेवला. बाबांना विचारलेले तेच दोन प्रश्न विचारले आणि गप्प बसले. सगळ्यांच्या भावकीत अशा सामाईक विहिरी आहेत, सगळ्यांच्या पाळ्या बाजाराच्या दिवशी बदलतात, आणि पाळी मोडणाऱ्याला गावात काय म्हणतात तेही सगळ्यांना ठाऊक. कोणी तंबाखू मळायला लागलं, कोणी गायरानाकडे बघायला लागलं. कोणीतरी म्हणालं की बोलणं खरं हाय, पण पह्यले काढन कोन?

काका मागे, बाभळीखाली उभे होते. ते विहिरीकडे चालू लागले. पेटी उघडली, पेचकसाने ऑटो सोडवला आणि ती डबी आणून डीपीच्या चौथऱ्यावर ठेवली. बाबांकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या माही मोटर सगळ्यायच्या शेवटी लावा."

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. मी बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. ज्या माणसाशी बोलायचं नाही तो आपल्या आधी पुढे झाला, हे त्यांना कसं सोसावं? ते तरातरा गेले, पेचकसाचाही विचार न करता तार ओढून ऑटो काढला आणि काकांच्या डबीशेजारी आपटून ठेवला. त्यानंतर बाकीच्यांना मागे राहणं जड झालं. दुपारपर्यंत चौथऱ्यावर डब्यांचा ढीग लागला. एका गृहस्थांनी मात्र आपला ऑटो ठेवलाच. त्यांना चहाच्या टपरीवर लोक 'या, ऑटोवाले' म्हणून खुर्ची द्यायला लागले. त्या आदरसत्काराला कंटाळून त्यांनी काही दिवसांतच काढला.

पुढचं गावानेच ठरवलं, मी फक्त बघितलं. एका डीपीच्या मोटरी सुरू झाल्या की चहा होईल इतकं थांबायचं, मग पुढची डीपी. एकाच डीपीवरच्या लोकांनी एकामागून एक मोटरी लावायच्या. आणि बाजाराच्या दिवशी पाळी फिरवायची, पहिली डीपी शेवटी जाईल. बाबा बाजारात फीडरवरच्या बाकी गावांच्या लोकांना गाठून हेच सांगत सुटले. सांगताना सुरुवात अर्थातच 'माही पोरगी दिल्लीले लाईटवर हाय' अशी. काही गावांनी लगेच ऐकलं, काहींना संक्रांत उजाडली.

दिल्लीत मैत्रिणीच्या संगणकावर मी मुद्दाम डोकावत नव्हते. एके दिवशी तिनेच हाक मारली. भिंत गेली होती. रेघ सकाळी एक पायरी चढत होती, जरा थांबत होती, मग दुसरी पायरी, मग तिसरी, आणि वर जाऊन दिवसभर सपाट राहत होती. संध्याकाळी उन्हासोबत खाली. इतकी देखणी रेघ मी नोकरीत पाहिली नव्हती. मैत्रीण स्वतः जाऊन तार पाहून आली, आमच्या आईच्या हातची भाकरी खाऊन आली, आणि येताना पिशवीभर हिरवा हरभरा घेऊन आली. आता तिने तो झाडावरही पाहिला होता.

रब्बी संपल्यावर बैठक झाली. आमच्या फीडरवर बोलायची मला मनाई होती, आणि मी बोलले नाही. जीभ दाताखाली धरून बसले. साहेबांनी विचारलं, या पायऱ्यांसाठी कोणतं यंत्र बसवलं? मैत्रीण म्हणाली की काही बसवलं नाही, लोकांनी होतं ते काढलं. साहेबांनी चष्मा काढून ती रेघ जवळ घेतली आणि बराच वेळ बघितली. मग त्यांना दिसलं की दर आठवड्याला एका ठरावीक वारी पायऱ्यांचा क्रम बदलतो. त्यांनी थेट माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाले, "काऊन?"

त्यांच्या तोंडी तो शब्द इतका वाकडातिकडा आला की मला हसू आवरेना. मी म्हणाले, त्या दिवशी आमच्याकडे बाजार असतो. एवढं सांगायला हरकत नव्हती.

सगळ्याच राज्यांत असं घडलं नाही. काही फीडर फसले, काही ठिकाणी दुसऱ्याच युक्त्या निघाल्या. पण परिच्छेद राहिला. त्यात एक वाक्य वाढलं, की सौर केंद्र शक्यतो गावाच्या सामाईक जमिनीवर असावं आणि मोटरी चालू करण्याचा क्रम गावाने स्वतः ठरवावा. त्या जाडजूड आराखड्यात आमच्या जिल्ह्याचं नाव कुठे नाही. मला मात्र ते वाक्य वाचताना दर वेळी बाभळीची डीपी दिसते, आणि मान ताठ होते. देशाच्या आराखड्यात माझ्या गावाची रीत गेली आहे.

आराखडा मान्य झाल्यावर मी गावी गेले ती त्या रेघेची एक मोठी छापील प्रत घेऊनच. बाबा ओट्यावर बसले होते. या हिवाळ्यात एकदाही ते रात्री वावरात गेले नव्हते. आईने हे मला आल्या आल्या सांगितलं, आणि पुन्हा जेवताना सांगितलं. बाबांनी कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरला आणि विचारलं, यात आपली मोटर कोनती? मी म्हटलं, एकेक मोटर दिसत नाही, पण या आठवड्यात आपली डीपी तिसरी होती. ही तिसरी पायरी. ते त्या पायरीवर बोट फिरवत राहिले.

मग जरा वेळाने, दुसरीकडे बघत, त्यांनी विचारलं, "आन त्याची?"

"काकायची? तेच तिसरी," मी म्हणाले. "एका आठवड्यात तुमची, एका आठवड्यात त्यायची. पायरी एकच हाय."

बाबांनी कागदाची नीट घडी केली, टोपी घातली आणि चप्पल शोधायला लागले. मी विचारलं, कुठे निघाले? आईने दारातून बाहेर बघितलं. चैत्राचं ऊन तापलं होतं. ती म्हणाली, इतकी काय घाई पडली, काकांकडे सांजच्याला जा.

"सांजच्याला त्याले तरी दिसते काय?" बाबा म्हणाले. "तो बी माह्याच वयाचा हाय. दिवसाच दाखवा लागन."

आणि ते उन्हातून बांधाकडे चालू लागले.